विसर रक्तात सापडतो का?

लालबाग-परळच्या जुन्या चाळींत एखादे तरी आजोबा असतात, ज्यांना १८ जानेवारी १९८२ हा दिवस तासांच्या हिशेबाने आठवतो. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या गिरणी संपाचा तो पहिला दिवस. कुठल्या गिरणीसमोर कोण बोललं, पहिल्या महिन्यात वाण्याने उधारी कशी दिली आणि सहाव्या महिन्यात कशी बंद केली, सगळं क्रमवार. पण अर्ध्या तासापूर्वी घेतलेला चहा त्यांना आठवत नाही. "चहा झाला का गं?" ते विचारतात. सून म्हणते, "आत्ताच तर दिला, बाबा." दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. घरातले एकमेकांना धीर देतात: चाळीस वर्षांपूर्वीचं इतकं बारीक आठवतंय, म्हणजे डोकं ठणठणीत आहे. चहाचं काय, वयच झालं.

हा धीर फसवा असू शकतो. ताजी आठवण नोंदवून घेण्याचं काम मेंदूच्या आत, साधारण कानाच्या पातळीत असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या लहानशा भागाकडे असतं. वर्षानुवर्षं सांगून मुरलेल्या आठवणी मात्र मेंदूच्या बाहेरच्या थरांत पसरून बसलेल्या असतात. अल्झायमर बहुतेक वेळा हिप्पोकॅम्पसच्या आसपास आधी नुकसान करतो. त्यामुळे संप शाबूत राहतो आणि चहा निसटतो.

पण चहा निसटला म्हणजे अल्झायमरच, असंही नाही. बी-१२ कमी असेल, थायरॉइड मंदावलं असेल, बायको गेल्यावर आलेलं नैराश्य असेल, रात्रीची झोपेची गोळी असेल, तरी माणूस असाच वागतो. यातलं नेमकं काय, हे आजवर मुख्यतः डॉक्टरांचे प्रश्न, घरच्यांची माहिती आणि अनुभव यांवरून ठरायचं. १६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. ती फुजिरेबिओ या कंपनीची. ऑक्टोबरमध्ये रोश कंपनीच्या एका तपासणीलाही परवानगी मिळाली. तेव्हापासून शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून गिरगाव चौपाटीच्या नाना-नानी पार्कपर्यंत हा विषय पोहोचला आहे: "शुगरसारखं आता अल्झायमरचंही रक्त तपासतात म्हणे."

त्यातल्या 'शुगरसारखं' या शब्दाशी माझं भांडण आहे. तपासणी चांगली आहे, पण आपण तिला जो प्रश्न विचारतो, त्याहून बऱ्याच लहान प्रश्नाचं उत्तर ती देते.

मेंदूत साचतं काय

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आऊगुस्ते डेटर ही पन्नाशीची बाई दाखल झाली. तिला स्वतःचं नाव नीट लिहिता येईना, नवऱ्याबद्दल संशय, रात्री आरडाओरडा. डॉक्टर अलोइस अल्झायमर तिला प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. चेतापेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत झालेले धाग्यांचे गुंते.

डाग ज्या प्रथिनाचे, त्याचं नाव अमायलॉइड बीटा. चेतापेशीच्या आवरणात एक मोठं प्रथिन असतं, ते कापलं गेलं की हे छोटे तुकडे सुटतात. ४० दुव्यांचा तुकडा आणि ४२ दुव्यांचा तुकडा हे त्यातले महत्त्वाचे. ४२ वाला चिकट. तो एकमेकांना धरून बसतो आणि साचत जातो. गुंते होतात ते टाऊ या प्रथिनाचे. टाऊचं नेहमीचं काम चांगलं आहे: पेशीच्या लांब धाग्यांमधून माल वाहून नेणाऱ्या नळ्यांना तो आधार देतो. त्याच्यावर ठरावीक ठिकाणी फॉस्फेटचे कण चिकटतात आणि सुटतात, हेही नेहमीचंच. पण अल्झायमरमध्ये हे कण नको तेवढे चिकटतात, टाऊ नळीवरून सुटतो आणि पेशीत गोळा होऊ लागतो.

हे साचणं लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधी सुरू झालेलं असतं, आणि या लेखातल्या पुढच्या साऱ्या अडचणी इथूनच निघतात. सत्तरीत चहा विसरणाऱ्या माणसाच्या मेंदूत पहिले डाग पन्नाशीत पडलेले असू शकतात. तेव्हा तो कामावर जात होता, हिशेब चोख ठेवत होता, गणेशोत्सवाच्या मंडळात धावपळ करत होता.

तल्लख माणसाला हा आजार होत नाही, ही समजूतही इथेच बाजूला ठेवावी. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या मातब्बर नेत्याला पाडणारे जॉर्ज फर्नांडिस अनेक भाषांत सभा गाजवत. एका हाकेवर मुंबई बंद करणाऱ्या या माणसाची शेवटची वर्षं अल्झायमरमध्येच गेली. २९ जानेवारी २०१९ रोजी त्यांचं निधन झालं.

जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायचं कसं

जवळजवळ शंभर वर्षं हे डाग बघण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता: माणूस गेल्यावर मेंदू तपासणं. मग दोन वाटा निघाल्या.

पहिली पेट स्कॅनची. डागांना चिकटणारं आणि किंचित किरणोत्सर्ग करणारं द्रव्य शिरेतून द्यायचं आणि ते मेंदूत कुठे थांबलं याचं चित्र काढायचं. अमायलॉइडचं असं पहिलं चित्र २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सला इथे एका रुग्णाच्या मेंदूचं काढलं गेलं. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारातल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र सुरू झालं. कर्करोगाच्या रुग्णांमुळे पेट स्कॅन हा शब्द परळ-दादरच्या घरांत आता नवा नाही. मात्र तिथे बहुधा वापरतात ती किरणोत्सर्गी साखर. अमायलॉइडसाठी द्रव्य वेगळं लागतं, आणि त्यातल्या फ्लोरिन-१८ चा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे ते साठवून ठेवता येत नाही. बनवा, धावत आणा, टोचा. महाग होणारच.

दुसरी वाट म्हणजे पाठीतलं पाणी काढणं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी खेळतं, त्यात मेंदूतली प्रथिनं उतरतात. मेंदूत डाग साचू लागले की ४२ दुव्यांचा चिकट तुकडा तिथेच अडकतो आणि पाण्यात कमी येतो. टाऊ मात्र वाढतो. ही तपासणी विश्वासाची आहे आणि अनुभवी हातात सुरक्षितही. पण 'पाठीतलं पाणी' म्हटलं की आपल्याकडे घरातले निम्मे जण गप्प होतात आणि उरलेले म्हणतात, "नको, पाय जातील." हे खरं नसलं तरी ही भीती मोडणं सोपं नाही. पंचाहत्तरीच्या आईला चहा विसरते म्हणून पाठीत सुई टोचायला नेणारा मुलगा विरळा.

तेव्हा उरलं रक्त. ते द्यायला कोणी नाही म्हणत नाही. मग रक्ताचा विचार इतका उशिरा का झाला?

बंद गेट आणि खांद्यावरची पिंज

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर वाहिन्यांहून वेगळ्या असतात. त्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातलं काहीही सहज आत जात नाही आणि आतलं सहज बाहेर येत नाही. चालू असलेल्या गिरणीचं गेट आठवा. पास नसलेल्या माणसाला पहारेकरी आत सोडायचा नाही. आत कुठल्या खात्यात काय चाललंय, हे रस्त्यावरून दिसायचं नाही. पण पाळी सुटली की बाहेर येणाऱ्या कामगाराच्या केसांवर, खांद्यांवर कापसाची पिंज असायची. ती कुठली, किती, यावरून हा माणूस कुठल्या खात्यातून आला, हे फुटपाथवरच्या पानवाल्यालाही सांगता यायचं. रक्ततपासणी शोधते ती ही पिंज.

पिंज अतिशय थोडी असते, ही पहिली अडचण. आपल्या एक मिलिलिटर रक्तात साखर असते साधारण एक मिलिग्राम. ज्या टाऊचा शोध घ्यायचा, तो असतो बहुधा एका पिकोग्रामच्याही आत. एका मिलिग्रामचे अब्ज भाग केले की एक भाग म्हणजे पिकोग्राम. शुगर मोजण्याचं यंत्र इथे आंधळं आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत बदललं ते मोजमाप. हवं ते प्रथिन तेवढंच पकडणारी प्रतिपिंडं बनवायची, ती बारीक चुंबकी मण्यांवर बसवायची आणि ते मणी रक्तद्रवात सोडायचे. मणी प्रथिन धरतात. मग चुंबकाने मणी ओढून घ्यायचे, बाकी सगळं धुऊन टाकायचं, आणि पकडलेल्या प्रथिनावर प्रकाश देणारं दुसरं प्रतिपिंड चिकटवायचं. जितका प्रकाश, तितकं प्रथिन. काही यंत्रांत तर एकेक मणी स्वतंत्र सूक्ष्म खळग्यात बसवून कुठला उजळला आणि कुठला नाही, असं चक्क मोजतात.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष अमायलॉइडवर होतं, कारण डाग त्याचेच. पण अमायलॉइड बीटा फक्त मेंदू बनवत नाही. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) आणि इतर अवयवही तो सोडत असतात. मेंदूत डाग साचले तर पाठीच्या पाण्यातला ४२ वाला तुकडा जवळजवळ निम्म्यावर येतो, रक्तात मात्र तो जेमतेम दहा-पंधरा टक्के घटतो. इतक्या लहान फरकावर निदान उभं करणं धोक्याचं. लॅबमध्ये थोडी गडबड झाली तरी निकाल फिरतो.

मग टाऊकडे वळले. टाऊच्या साखळीतल्या २१७ व्या जागी फॉस्फेट चिकटलेला जो प्रकार आहे, त्याला पी-टाऊ २१७ म्हणतात. तो अमायलॉइडच्या डागांना प्रतिसाद म्हणून चेतापेशी बाहेर सोडतात, असं दिसतं. म्हणजे गंमत अशी, की टाऊ मोजून अमायलॉइडचा पत्ता लागतो, आणि गुंते पसरायच्या आधीच लागतो. त्याची रक्तातली वाढ दहा-पंधरा टक्क्यांची नसते, काही पटींची असते. म्हणून या क्षेत्रातलं आजचं सगळ्यात मोठं नाव तेच. मे २०२५ मध्ये मान्य झालेली तपासणी पी-टाऊ २१७ आणि ४२ वाला अमायलॉइड यांचं गुणोत्तर काढते: एक वाढतो, दुसरा घटतो, भागाकार केला की फरक उठून दिसतो.

चौकट: रिपोर्टवर दिसणारी नावं

अमायलॉइड बीटा ४२/४०: चिकट तुकडा आणि त्याचा कमी चिकट भाऊ यांचं गुणोत्तर. मेंदूत डाग असतील तर घटतं. रक्तात फरक लहान.

पी-टाऊ २१७: डाग असतील तर वाढतो. आज सगळ्यात भरवशाचा.

पी-टाऊ १८१: त्याचाच जुना भाऊ, थोडा कमी तीक्ष्ण. ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्य झालेली तपासणी याची आहे. ती मुख्यतः 'अल्झायमर नसावा' हे सांगण्यासाठी, आणि तेही साध्या फॅमिली डॉक्टरच्या पातळीवर वापरायची.

एनएफएल: चेतापेशींचे धागे तुटले की रक्तात येणारं प्रथिन. पक्षाघात, डोक्याला मार, इतर मज्जाविकार, कशानेही वाढतं. नुकसान झालंय हे कळतं, कशाने ते कळत नाही.

जीएफएपी: चेतापेशींची देखभाल करणाऱ्या तारकापेशी खवळल्याची खूण.

एपीओई-४: हे रक्तात साचणारं प्रथिन नव्हे, जन्मतः मिळालेला जनुकाचा प्रकार. धोका वाढवतो, निदान करत नाही.

नव्वद टक्के म्हणजे किती?

स्वीडनमध्ये स्मृतीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १२१३ जणांवर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने तपासून अल्झायमर ओळखण्यात फॅमिली डॉक्टर ६१ टक्के वेळा बरोबर ठरले, स्मृतिविकारांचे तज्ज्ञ ७३ टक्के वेळा. रक्ततपासणी ९१ टक्के वेळा. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल, की मग उशीर कशाला, वयाच्या पन्नाशीला सगळ्यांचंच रक्त तपासून टाकू.

इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते सोपं आहे. समजा, तपासणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे: डाग असलेल्या १०० पैकी ९० जणांना ती पकडते, आणि डाग नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडून देते.

एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या स्मृती क्लिनिकमध्ये विसराळूपणासाठी आलेले १००० जण घ्या, त्यांतल्या निम्म्यांच्या मेंदूत डाग आहेत असं धरा. ५०० पैकी ४५० पकडले जातील. उरलेल्या ५०० पैकी ५० जणांना चुकून 'आहे' म्हटलं जाईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ५०० मध्ये ४५० खरे. छान.

आता शिवाजी पार्कला सकाळी फेऱ्या मारणारे पन्नाशीतले, कसलीही तक्रार नसलेले १००० जण घ्या. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, या वयाच्या धडधाकट माणसांत साधारण १० टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉइड असतो. म्हणजे १०० जण. त्यांपैकी ९० पकडले जातील. पण डाग नसलेल्या ९०० पैकीही ९० जणांना 'आहे' असा रिपोर्ट जाईल. पॉझिटिव्ह १८०, त्यातले निम्मे खोटे. यंत्र तेच, रसायन तेच, लॅबही तीच. फक्त रांगेत उभी असलेली माणसं बदलली.

आणि जे ९० 'खरे', त्यांचं काय? त्यांच्या मेंदूत डाग आहेत हे खरं. पण डाग असलेल्या सगळ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होतोच असं नाही. त्याच अंदाजानुसार नव्वदीत पोहोचलेल्या आणि डोकं शाबूत असलेल्या माणसांतही ४४ टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉइड असतो. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या हातात आपण असा कागद देणार, ज्यावर आज काही करता येत नाही आणि जो कदाचित कधीच खरा होणार नाही. तो मात्र उद्यापासून चावी कुठे ठेवली हे विसरला तरी घाबरणार.

म्हणून परवानगी देताना अमेरिकी यंत्रणेनेही अट घातली आहे: वय ५५ किंवा अधिक, आणि लक्षणं असलेलेच. फुजिरेबिओच्या चाचणीत ४९९ नमुने होते. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांत, आणि निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्के लोकांत, पेट किंवा पाठीच्या पाण्याने तोच निष्कर्ष निघाला. पण यातल्या तिसऱ्या गटाबद्दल फारसं बोललं जात नाही: जवळपास पाचांतला एक निकाल 'सांगता येत नाही' असा आला. त्यांना पेट किंवा पाठीचं पाणी हाच मार्ग उरतो. असं 'माहीत नाही' म्हणणारी तपासणी मला प्रामाणिक वाटते. पण पैसे भरून रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसाला ते कसं पटवायचं, हा काउंटरवरच्या मुलीचा प्रश्न आहे.

किडनी, वजन आणि तान्हं बाळ

पिंजेकडे परत येऊ. खांद्यावर पिंज जास्त दिसली, तर दोन शक्यता. एक, आत खूप उडतेय. दोन, माणसाने ती झटकलेलीच नाही. रक्तातली प्रथिनं झटकण्याचं काम बऱ्याच अंशी किडन्या करतात. किडनी मंदावली की मेंदू निरोगी असूनही पी-टाऊ वाढलेला दिसतो. ज्या शहरात मधुमेह आणि ब्लडप्रेशर घरोघरी आहे, तिथे किडनीचा विचार न करता हा रिपोर्ट वाचणं धाडसाचं. वजन उलट बाजूने खेळतं: जास्त वजनाच्या माणसाच्या शरीरात रक्तद्रव अधिक असतो, म्हणून प्रथिन पातळ होतं आणि आकडा कमी दिसतो.

२०२५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी तर सगळ्यांना चकित केलं. त्यांना पी-टाऊ २१७ सगळ्यात जास्त सापडला तो नवजात बाळांच्या रक्तात, अल्झायमरच्या रुग्णांहूनही जास्त. वाढत्या मेंदूत जोडण्या बांधल्या जात असताना टाऊवर फॉस्फेट भरपूर चिकटतो, आणि बाळाला त्याचा काही त्रास होत नाही. तेव्हा हे प्रथिन विष आहे, असं समजू नये. कोणाच्या रक्तात, कुठल्या वयात ते वाढलंय, यावर अर्थ ठरतो.

नमुना घेण्याचीही गोची आहे. रक्त सीबीसीच्या त्याच जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात, पण पुढची घाई वेगळी. रक्तद्रव लवकर वेगळा करावा लागतो. ट्यूब उबेला पडून राहिली तर अमायलॉइड घटतो, शिवाय तो प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतोही. गिरगावच्या गल्लीतून सकाळी सातला घेतलेली ट्यूब पिशवीत घालून आणखी पाच घरं करणाऱ्या मुलाच्या वेळापत्रकात हे बसवावं लागेल. पी-टाऊ २१७ याबाबतीत जास्त चिवट आहे, हीही त्याची एक जमेची बाजू.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न सीमारेषेचा. 'इतक्याच्या वर म्हणजे आहे' ही रेघ मुख्यतः अमेरिका आणि युरोपातल्या लोकांवरून आखलेली आहे. ती आपल्याला तशीच लागू पडेल का? परळला हा प्रश्न नवा नाही. १९५२ मध्ये केईएममध्ये डॉ. यशवंत भेंडे यांना असं रक्त सापडलं, जे वरवर 'ओ' गटाचं वाटावं पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळेना. जगाच्या पुस्तकात त्याला जागाच नव्हती. 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद झाली आणि त्या गटाला 'बॉम्बे' हे नाव पडलं. बाहेर बनलेले निकष मुंबईच्या रक्तावर आंधळेपणाने लावू नयेत, याचा पुरावा इथल्याच प्रयोगशाळेत पडून आहे.

मग तपासायचं कोणी?

मुंबईतच केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के निघालं होतं. लासी ही वृद्धांची देशव्यापी पाहणी, जिची मुख्य संस्था देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिच्याशी जोडलेल्या अभ्यासात २०२३ मध्ये आकडा आला ७.४ टक्के, ६० वर्षांवरचे साधारण ८८ लाख भारतीय. दोन्हींची पद्धत आणि वयोगट वेगळे, त्यामुळे एवढ्यावरून आजार तिप्पट झाला असं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट उघड आहे: मोजायचं कसं, यावर आकडा खूप हलतो. चौथीपर्यंत शिकलेल्या, पुढे हयात साच्यांवर घालवलेल्या माणसाला शंभरातून सात-सात वजा करायला सांगून त्याची स्मृती जोखणं न्याय्य नाही. ज्याला ऐकू कमी येतं त्याला तोंडी पाच शब्द सांगून परत विचारणंही नाही. माझ्या मते रक्ताची खरी ताकद इथे आहे: ते शाळा विचारत नाही. अर्थात लक्षणं आहेत की नाहीत, हे ठरवायला बोलावं लागतंच.

तक्रार असलेल्या माणसाची पहिली पायरी अजूनही जुनीच: बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, चालू गोळ्यांची झडती, कान आणि मन. पडल्याचा इतिहास असेल तर डोक्याचा स्कॅन, कारण कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त काढलं तर माणूस पूर्ववत होऊ शकतो. यांतल्या बहुतेक तपासण्या महापालिकेच्या रुग्णालयात होतात, आणि यांतली कारणं दुरुस्त होणारी आहेत. पी-टाऊचा रिपोर्ट हातात असला आणि बी-१२ बघायचं राहिलं, तर ते उलटं झालं. रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही विसराळूपणाचं मुख्य कारण लहान-लहान पक्षाघात असू शकतात, किंवा दोन्ही एकत्र असू शकतात. उतारवयात तसं फार वेळा असतं.

त्यानंतरही शंका राहिली, तर ही तपासणी उपयोगी आहे. निगेटिव्ह आली तर अल्झायमर बऱ्याच अंशी बाजूला पडतो आणि दुसरं कारण शोधायला जोर येतो. मला हाच तिचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो. पॉझिटिव्ह आली तर घराला नियोजनाला वेळ मिळतो: बँकेची खाती, मृत्युपत्र, एकट्याने लोकल पकडणं. अमायलॉइड काढून टाकणारी नवी औषधं सुरू करायची तर डागांचा पुरावा लागतोच. त्या औषधांबद्दल मात्र माफक अपेक्षा ठेवावी. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबच्या १७९५ जणांवरच्या चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला, म्हणजे १८ गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणापेक्षा किंचित कमी फरक. गेलेली स्मृती परत आली नाही. काहींच्या मेंदूला सूज आली, काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाला, आणि एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांत हा धोका जास्त दिसला.

तेव्हा डॉक्टरकडे जाताना घरात रोज सोबत राहणारं माणूस बरोबर न्यावं, फक्त रविवारी भेटणारा मुलगा पुरेसा नाही. विसर कधीपासून, कशाचा, पैशांचा व्यवहार जमतो का, हे कागदावर लिहून न्यावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, केमिस्टकडून परस्पर आणलेल्याही, कॅरीबॅगमध्ये घालून न्याव्यात. ज्याचं रक्त काढायचं, त्यालाच आधी विचारावं की निकाल कळायला हवाय का; सुनेने आणि मुलाने आपापसात ठरवून टाकायची ही गोष्ट नाही. आणि पी-टाऊची तपासणी लिहून दिली असेल, तर फाइलमध्ये किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट वर लावून ठेवावा.